कोठ्यांवरचे त्रिकोण

स्थापत्यातलं मला काही कळत नाही. नोकरीसाठी कोलोनला आलो आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'जर्मन वेर्कबुंड'चं १९१३चं वार्षिक हाती लागलं. वेर्कबुंड म्हणजे १९०७ साली म्युनिकमध्ये आर्किटेक्ट, कलाकार आणि कारखानदारांनी मिळून काढलेली संघटना, हेही दुकानदार बाईंनीच सांगितलं. इमारतींचं वार्षिक म्हणजे चर्च, बंगले, राजवाडे असणार अशी माझी समजूत. आत निघाल्या धान्याच्या कोठ्या!

मी पैसे काढायला लागलो तर बाईंनी थांबवलं. ''आधी चित्रांची पानं मोजा.'' अशा पुस्तकांतली पानं कापून, चौकटीत बसवून सुटी विकली जातात. पानांवरचे दमटपणाचे तपकिरी डाग मला खटकत होते. त्यांच्या मते ते चालतात, गेलेलं पान मात्र परत येत नाही. सूचीतला एकेक आकडा त्यांनी माझ्याकडून ताडून घेतला.

त्या कोठ्या आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियसच्या लेखासोबतच्या होत्या. त्याची बाउहाउस ही कलाशाळा निघायला अजून सहा वर्षं होती. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनाम इंजिनिअरांची ही बांधकामं त्याला प्राचीन इजिप्तच्या वास्तूंच्या जवळजवळ तोडीची वाटत होती. यांतले काही फोटो पुढे ल कॉर्बुझिएने, आपल्या चंदीगडच्या कॉर्बुझिएने, १९२३च्या पुस्तकात वापरले. मी ते पुस्तक मिळवून दोन्ही शेजारी ठेवली. ब्युनोस आयर्सच्या कोठीवर वार्षिकात माथ्याला त्रिकोणी शीर्षपट्ट्या आहेत. कॉर्बुझिएकडे त्या नाहीत. त्याने त्या पुसल्या होत्या! निव्वळ दंडगोल दिसावेत म्हणून. जुनी प्रत कशाला जपायची, हे मला त्या टेबलावर समजलं.

मग पुढचे खंड शोधू लागलो. १९१४चा विषय वाहतूक: रेल्वे, जहाजं, मोटारी. १९१५चा खंड तर माझ्याच गावाचा. मे १९१४मध्ये ऱ्हाइनच्या पलीकडे, डॉइट्झच्या बाजूला, वेर्कबुंडचं मोठं प्रदर्शन भरलं. आर्किटेक्ट ब्रुनो टाउटचं रंगीत काचांचं घर तिथे होतं, ग्रोपियस आणि त्याचा सहकारी मायर यांचा नमुन्याचा कारखाना होता. ऑगस्टमध्ये महायुद्धामुळे सगळं बंद पडलं; पुढे इमारतीही पाडल्या गेल्या. मी त्या काठावर कितीदा तरी फिरलोय, पण तिथे टाउटचं घर होतं हे मला या खंडातल्या फोटोंमुळेच कळलं.

आता माझ्याकडे तीन खंड आहेत. त्यानंतर १९१६-१७चा एक आहे, त्याचा विषय सैनिकांच्या कबरी: रणभूमीवरच्या आणि मायदेशातल्या. कारखाने आणि आगगाड्या सुंदर कशा कराव्यात याचा विचार करणारी माणसं दोन-तीन वर्षांत थडग्यांच्या आकाराकडे वळली होती. बाईंकडे १९१२चा पहिला खंड आलाय, तो त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलाय. मी त्यांना म्हटलं, आधी मला कबरींचा मिळवून द्या.