फांदी आणि बुंधा

गेल्या पावसाळ्यात कल्याण स्थानकाचा पूल चढताना आमच्या छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे झाले. थांबलो, तशी कळ ओसरली. आम्ही ती पित्तावर ढकलली. तिसऱ्या खेपेस मात्र ठाण्यातील हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. डावी मुख्य रक्तवाहिनी मोकळी होती, हृदयाची शक्ती शाबूत होती. डॉक्टर म्हणाले, "फादर, गोळ्या, चालणे आणि पथ्य यांनी आरंभ करू. कळ आटोक्यात आली नाही, तर स्टेंट आहेच."

या सल्ल्यामागे भक्कम पुरावा होता. ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवर झालेल्या 'इस्केमिया' चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. आजार स्थिर असलेल्यांना औषधांच्या जोडीला आरंभीच स्टेंट वा बायपास केल्याने काही वर्षांत झटक्याचे वा मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. छातीतील कळ मात्र अधिक कमी झाली.

आम्ही सकाळच्या मिस्सेनंतर तलावपाळीला फेऱ्या घालू लागलो. फुगे आणि डुकराचे इंदियाल सणापुरते ठेवले. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' पुन्हा हाती घेतले. १९९५ साली, ऐन चव्वेचाळिशीत आलेल्या झटक्यानंतर त्यांनी स्वतःच्या जीवनशैलीची घेतलेली झडती आम्हाला पापनिवेदनापूर्वीच्या विवेकपरीक्षणासारखी वाटली. दोन महिन्यांत कळ थांबली. हर्षभरित होऊन आम्ही ते एका रविवारी प्रवचनात सांगितले. आमची चूक झाली ती तेथे.

आमच्या गायकवृंदातील एक गृहस्थ घरासाठी डोंबिवलीला गेले, तरी गाण्यासाठी ठाण्याला येत. तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नी भेटीस आल्या. "फादर, ह्यांना बायपास सांगितली आहे. हे म्हणतात, फादर चालून बरे झाले, मग मला का कापता? गोळ्याही सोडल्या. रोज दुधीचा रस पितात."

त्याच संध्याकाळी आम्ही डोंबिवली गाठली. ते तीन जिने उतरून आम्हाला घ्यायला आले. वर चढताना प्रत्येक मजल्यावर बोलण्याचे निमित्त काढून थांबत होते. ती युक्ती आम्ही ओळखली. कल्याणच्या पुलावर आम्हीही तीच केली होती.

दोघांचे अहवाल टेबलावर शेजारी मांडले. त्यांचा अडथळा डाव्या मुख्य रक्तवाहिनीत होता. हृदयाच्या डाव्या बाजूचा बहुतांश रक्तपुरवठा तिच्यावर अवलंबून असतो. ज्या चाचणीचा आम्हाला आधार होता, तीत असे रुग्ण घेतलेलेच नव्हते. आम्ही म्हणालो, "आमची फांदी अडली आहे, तुमचा बुंधा."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारले, "म्हणजे प्रवचन खोटे होते, फादर?"

"खोटे नव्हे, अपुरे. त्याची क्षमा मागायलाच आलो आहोत."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि पंधरवड्यात शस्त्रक्रिया झाली. पायातील शीर काढून अडथळ्याला वळसा घालण्याची ही पद्धत डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली रूढ केली. आज छातीच्या आतील रक्तवाहिनीही त्यासाठी वापरतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ते गायकवृंदात उभे होते.

मिस्सा संपल्यावर ते हसत म्हणाले, "फादर, आता नळ्या नव्या आहेत, चिंता मिटली!" खिशातून तंबाखूची पुडी डोकावत होती. आम्ही हात पुढे केला. त्यांनी ती मुकाट्याने दिली. नव्या नळ्याही त्याच सवयींनी तुंबतात, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होतेच.

पापनिवेदनपीठात बसून आम्ही वर्षानुवर्षे हेच पाहत आलो आहोत. क्षमा एका क्षणात मिळते, परंतु पाऊल रोज वळवावे लागते. मात्र ज्याला तातडीने वैद्याची गरज आहे, त्याला केवळ उपवास सांगणे ही भक्ती नव्हे. पुढील रविवारी आम्ही व्यासपीठावरून आपली चूक कबूल केली आणि भाविकांना विनवले, की आपला अहवाल आपल्याच डॉक्टरांकडून समजून घ्यावा, फादरांच्या छातीवरून स्वतःची पारख करू नये.

आता रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही दोघे तलावपाळीला फेऱ्या घालतो. ते गुणगुणत पुढे चालतात. आम्ही मागून, गोळ्यांची आठवण करून देत.