तोंड कुठे ठेवायचं

गेल्या एप्रिलात आंबा घाट चढताना शेजारी बसलेलं माझं पोरगं, म्हणजे गॅरेजमधला शिकाऊ, म्हणालं, "अण्णा, टिणटिण वाजतंय की. ऐकू येईना काय तुम्हाला?"

गाडी माझी स्वतःची, 2001 ची होंडा सिटी व्हीटेक. तिसरा गिअर, पेडल पूर्ण दाबलेलं, दुपारचे दोन. मला ऐकू येत होती ती फक्त इनटेकची गुरगुर, बॉनेटखालून थेट छातीत उतरणारी. त्या गुरगुरीसाठीच तर मी तिला शॉर्ट रॅम, म्हणजे बॉनेटखालीच तोंड उघडणारा आखूड इनटेक पाइप, लावला होता. म्हटलं, "काही नाही रे, हीट शील्ड सैल असंल." पोरगं गप्प बसलं. पुढच्या वळणानंतर हळूच म्हणालं, "पेडल सोडलं की थांबतंय, अण्णा. दाबलं की सुरू." हीट शील्ड पेडल बघून वाजत नाही. हे त्याला मीच शिकवलेलं.

नंतर कानाच्या डॉक्टरांनी आलेख हातात दिला. खालच्या स्वरांना रेघ सरळ, आणि चार हजार हर्ट्झच्या पुढे घसरगुंडी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं ग्राइंडर आणि लेथच्या शेजारी काढल्यावर दुसरं काय होणार! पण मला लागलं ते वेगळंच. पंच्याहत्तर मिलिमीटर बोअरच्या इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे पोराला ऐकू आलेली ती टिणटिण, सात हजार हर्ट्झच्या आसपास वाजतं, आणि इनटेकची गुरगुर असते शे-चारशेच्या घरात. म्हणजे इंजिन जिथून ओरडतं तेवढाच कान गेला होता आणि ज्या आवाजावर माझा जीव होता तो शाबूत होता. आजूबाजूचे बारीक आवाज गळत गेले तशी ती गुरगुर मला जास्तच भारदस्त वाटत गेली असणार. किती वर्षं, कोण जाणे.

इनटेकचं सगळं भांडण शेवटी पाइपाच्या तोंडाचं आहे. व्यास, वाक, जोडाची सफाई हे हाताला येतं. तोंड कुठे ठेवायचं हे मला अजून येत नाही. बॉनेटखाली ठेवलं तर इंजिन स्वतःचीच उष्ण हवा ओढतं. बंपरमागे खाली उतरवलं तर हवा थंड मिळते, पण पाणी तिथून एक वीतभर लांब. हेडलॅम्पमागे मडगार्डच्या वरच्या पोकळीत न्यावं तर जागा इतकी अरुंद की पाइप चेपावा लागतो, आणि चेपला की मिळवलेलं तिथेच जातं. कंपनीच्या एअर फिल्टरच्या डब्याची नळी बऱ्याच गाड्यांत त्याच पोकळीतून हवा घेते. ते लोक माझ्याआधी तिथे पोचले होते हे मान्य करायला मला फार वर्षं लागली.

घाटातून परतल्यावर पोरानं मोजमाप करायचं ठरवलं. गवंड्याची लेव्हल पाइप घेतली, यू आकारात फळीवर बांधली, शाई टाकलेलं पाणी भरलं, एक टोक फिल्टरच्या पुढे पाइपात खोचलं आणि दुसरं उघडं ठेवलं. फळी त्यानं पहिल्यांदा सीटवर उभी धरली होती, गाडीच्या लांबीला समांतर. मी ती तशीच उभी, पण गाडीच्या रुंदीला समांतर धरायला लावली. नाहीतर पिकअप घेतला की पाणी आपोआप मागच्या नळीत चढतं आणि आपण त्यालाच फिल्टरचा अडथळा समजतो. एवढं एक त्या दिवशी मी शिकवलं. बाकीचं सगळं त्यानंच मला शिकवलं. फ्रीज दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याचा वायरवाला थर्मामीटर आणून त्याचं टोकही त्यानं पाइपात सोडलं.

दीड लिटरचं हे इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला जवळजवळ साडेचार हजार लिटर हवा मागतं. कंपनीचा डबा, नळी आणि कागदी फिल्टर धरून पाण्याच्या दोन पातळ्यांत अठरा सेंटीमीटरचा फरक पडला. माझ्या शॉर्ट रॅमच्या कोन फिल्टरला पाच. आकडा बघून माझी कॉलर ताठ झाली. मग पोरानं वहीत गणित मांडलं. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे दहा मीटर पाण्याचा स्तंभ, म्हणून दहा सेंटीमीटरला एक टक्का. मी कमावले तेरा सेंटीमीटर, म्हणजे हवेच्या वजनात सव्वा टक्का. उष्णतेचा हिशेब मात्र साधारण तीन अंशांना एक टक्का. घाटाच्या चढाला कंपनीच्या डब्यातली हवा 44 अंश होती, माझ्या शॉर्ट रॅममधली 67. तेवीस अंश म्हणजे सात टक्के. सव्वा टक्का मिळवायला मी सात टक्के घालवत होतो, वर त्या गरम हवेनं इंजिन नॉक करत होतं.

हायवेला, कागलच्या सरळ रस्त्यावर, वारा लागला की उष्णतेचा हा फरक कमी होतो. शॉर्ट रॅमचं कौतुक करणारे तिथलेच आकडे सांगतात. मीही तेच सांगत होतो. पण कोल्हापूरचा माणूस गाडी हायवेला किती चालवतो? महाद्वार रोडच्या गर्दीत बॉनेटखालची हवा भट्टीसारखी होते, आणि सिग्नल सुटल्यावर इंजिनाला पहिला घास तोच मिळतो.

मी शॉर्ट रॅमकडे वळलो त्यामागे 2005 चा पावसाळा आहे. मुंबईत 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, ते साऱ्यांच्या लक्षात आहे. त्याच पावसाळ्यात आमची पंचगंगाही पात्राबाहेर होती. एका गिऱ्हाइकाला मी लांब कोल्ड एअर पाइप बसवून दिला होता, तोंड फॉगलॅम्पच्या मागे. वीतभर पाण्यातून गाडी नेली, ठक्क असा एक आवाज झाला आणि इंजिन जागीच बसलं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि रॉड वाकतो. हेड उतरवलं, रॉड काढला, सरफेस प्लेटवर ठेवला, तर खालून उजेड दिसला. सुपारीएवढा. तो खर्च मी माझ्या खिशातून केला, पण त्या माणसानं पुन्हा माझ्याकडे गाडी आणली नाही. त्या उजेडाला मी इतका घाबरलो की पुढची पंधरा-सोळा वर्षं प्रत्येक पाइपाचं तोंड बॉनेटखालीच ठेवलं आणि त्या भीतीला अनुभव म्हणत आलो.

आता पुण्या-मुंबईची दुकानं लाल फिल्टर आणि चकचकीत पाइप पेटीत घालून विकतात. बसवणाऱ्या पोराला हवेचा रस्ता कुठून कुठे जातो हे बघायची गरज वाटत नाही. तेल लावलेल्या जाळीच्या फिल्टरला धुतल्यावर बदाबदा तेल ओततात, ते तेल एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं, आणि गाडी माझ्याकडे येते तेव्हा निम्मे पैसे सेन्सर बदलण्यात गेलेले असतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागच्या धुळीत ती विरळ जाळी काय आत सोडते, ते थ्रॉटल बॉडीवर बोट फिरवलं की कळतं. याचा मला खरोखर राग येतो. आमच्या उद्यमनगरात पाइप वाकवताना आतली वाळू ठोकून भरायचे, म्हणजे वाकावर पाइप चेपत नसे. त्या कामाला मान होता. आता वाक सिलिकॉनचा, आणि मान स्टिकरला.

पण खरं सांगायचं तर त्या दुकानदारांनी जे विकलं तेच मीही विकलं. गिऱ्हाईक चक्कर मारून यायचं, डोळे चमकायचे, म्हणायचं, "अण्णा, काय ताकद वाढलीय!" ताकद वाढलेली नसायची, आवाज वाढलेला असायचा. मला ते आतून ठाऊक होतं की नव्हतं, हे आज मला सांगता येत नाही. ती मान डोलावणारी माणसं मला हवी होती. आवाज ऐकून गाडी ओळखणारा मिस्त्री म्हणून माझं नाव होतं, आणि त्या नावासाठी मी कधी थर्मामीटर हातात घेतला नाही.

सिटीला कंपनीचा डबा परत बसवला. त्याची नळी एक नंबर मोठी करून मडगार्डच्या वरच्या पोकळीत नेली, त्यासाठी पोकळीतला एक ब्रॅकेट कापला. अजून पाइप दोन बोटं चेपलेलाच आहे. त्या दोन बोटांवर पोरगं आणि मी रोज वाद घालतो. डब्यामुळे गुरगुर गेली. मला तिची आठवण येते. पहिल्या आठवड्यात तर गाडी आजारी आहे असंच वाटायचं.

परवा पुन्हा आंबा घाटात गेलो. तिसऱ्या गिअरला पेडल दाबलं. मला काहीच ऐकू आलं नाही, म्हणून मी पोराच्या तोंडाकडे बघत होतो. पोरगं खिडकीतून दरी बघत होतं.