मामांचा सर्जन आणि यादीतला आकडा

मामीचा फोन आला तेव्हा आमच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. न्यूयॉर्कला दुपारचे चार.

"अगं, तू साप्ताहिकात लिहितेस, तुला आकड्यांतलं कळतं. एक कागद वाचून सांगशील?"

मामा ६८ वर्षांचे. मधुमेह जुना, मूत्रपिंडंही थकलेली. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि बायपास करायचे ठरले. मामीचा कागद म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याची यादी. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या सर्जनच्या हातून बायपासचे किती रुग्ण दगावले, हे ते खाते जाहीर करते. १९९० साली रुग्णालयांचे आकडे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी 'न्यूजडे' या वृत्तपत्राने कोर्टात जाऊन सर्जनांचे आकडेही नावानिशी मिळवले. पत्रकार म्हणून मला त्याचे कौतुकच वाटते.

मी काय केले? सर्वांत कमी मृत्यू असलेल्या नावावर बोट ठेवले आणि झोपले.

दहा दिवसांनी पुन्हा फोन. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून नकार दिला होता. धोका फार आहे, औषधांवरच राहा, म्हणाले. दुसरे एक सर्जन तयार होते, पण यादीत ते मध्येच कुठेतरी. "मधल्या नंबरचा डॉक्टर तुझ्या मामांची छाती उघडणार?" मामीचा आवाज कापत होता.

मग मात्र मी तो अहवाल नीट वाचायला बसले. वर्षाला शंभर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे दोन रुग्ण गेले, तर आकडा दोन टक्के. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक गेला की तीन. एका माणसाने डॉक्टर दीडपट वाईट ठरतो! म्हणूनच, ज्यांचा फरक निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही, त्यांच्याच आकड्यापुढे अहवालात खूण असते. मामीच्या दोन्ही डॉक्टरांपुढे ती नव्हती.

रुग्ण किती आजारी होता, याचाही हिशेब त्यात धरतात. पण ती माहिती भरते रुग्णालयच. १९८९ ते १९९१ या काळात न्यूयॉर्कमध्ये बायपासच्या रुग्णांपैकी फुफ्फुसाचा जुनाट विकार असलेले ६.९ टक्क्यांवरून १७.४ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत इतकी फुफ्फुसे कशी बिघडतील? काही नोंदी पूर्वी राहून जात असतील, हेही खरे.

आणि नकार? शेजारच्या पेनसिल्व्हेनियातही अशी यादी निघत असे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या ६३ टक्के हृदय-सर्जनांनी कबूल केले, की यादीमुळे अत्यवस्थ रुग्णांवर शस्त्रक्रिया करायला आपण पूर्वीइतके तयार नसतो. मामांना नकार देणारे डॉक्टर यादीला भ्याले, असे मी म्हणणार नाही. ते कळायला मला मार्गच नाही. पण अवघड रुग्ण टाळणाऱ्याचा आकडा चांगला दिसणारच.

यादी फाडून टाक, असे मात्र मी मामीला सांगितले नाही. न्यूयॉर्कमध्ये बायपासनंतरचे मृत्यू, रुग्णांच्या आजाराचा हिशेब धरून, १९८९ मधल्या ४.१७ टक्क्यांवरून १९९२ मध्ये २.४५ वर आले. ते श्रेय एकट्या यादीचे नसेल, पण वाईट आकडे चारचौघांत आल्यावर काही रुग्णालयांना घर आवरावेच लागले. आपल्याकडे अशी सरकारी यादीच नाही. आपण शेजाऱ्याच्या साडूला विचारतो.

"मामी, त्या मधल्या डॉक्टरांना एवढंच विचार, मामांसारखा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेले किती जण त्यांनी वर्षभरात केले, आणि त्यांचं काय झालं?"

तिने विचारले. डॉक्टर रागावले नाहीत. बत्तीस, म्हणाले, आणि त्यांतले दोघे वाचले नाहीत. त्या दोघांविषयी ते बराच वेळ बोलत होते. मामीने तिथेच सही केली.

मामा अकराव्या दिवशी घरी आले. आता रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जातात आणि बिनसाखरेच्या चहावरून कुरकुरतात. त्यांची शस्त्रक्रिया ज्यात मोजली जाईल, ती यादी निघायला दोन-तीन वर्षे तरी लागतील. मामी आत्तापासूनच विचारते आहे, "आपल्या डॉक्टरांचा आकडा सुधारला का गं?"