कवच्याची कुंडली

मुलांस रात्रीं सांगावयाची गोष्ट छापील असावी कीं घरची, या प्रश्नावर विद्वानांचें मत काय असेल तें असो. आमच्या घरांतील तिघां नातवंडांचें मत पक्कें आहे. छापील गोष्ट त्यांस पाठ असते आणि तिच्यांत त्यांचें स्वतःचें असें कोणी नसतें. त्यांस हवी असते ती आपली गोष्ट. म्हणजे जिच्यांत आपण घडविलेलें पात्र हिंडतें, फसतें व निसटतें अशी. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून हें काम माझ्याकडे आहे. आणि खरें सांगावयाचें तर संस्कृताचे तास घेतांना जितका विचार करावा लागला नाहीं, तितका या पात्रांच्या घडणीविषयीं करावा लागतो.

पहिला प्रश्न नांवाचा. पुष्कळ आईबापांस वाटतें कीं, नायकास मुलाचेंच नांव दिलें म्हणजे मूल खूष होतें. मला हें पसंत नाहीं. ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकानें आपल्या मुलाच्या खेळण्यांतील अस्वलावर १९२६ सालीं ‘विनी द पू’ हें पुस्तक लिहिलें, आणि मुलास ख्रिस्तोफर रॉबिन या त्याच्या खऱ्या नांवानिशीं त्यांत घातलें. पुस्तक जगभर गेलें. पण पुढें शाळेंत त्याच नांवापायीं मुलाची चेष्टा झाली. तो सल त्यानें प्रौढपणीं, १९७४ सालीं, आपल्या आठवणींच्या पुस्तकांत लिहून ठेविला आहे.

आमचा विष्णुशर्मा या बाबतींत धूर्त खरा. अमरशक्ति राजाच्या तीन पुत्रांस सहा महिन्यांत शहाणें करण्याचें त्यानें पत्करलें. परंतु बहुशक्ति, उग्रशक्ति व अनंतशक्ति यांपैकीं एकालाहि गोष्टींत ओढलें नाहीं. बैल, कोल्हे, कावळा, उंदीर हे पुढें केले. आणि नांवें तरी कशीं! हलकेंच उडणारा तो लघुपतनक, गळ्यावर रंग खेळणारा तो चित्रग्रीव, संथ चालीचा कांसव तो मंथरक. मूल त्यांत स्वतःस ओळखतें. पण ओळखलें हें कबूल करण्याची सक्ति त्याच्यावर नसते. ही मोकळीक फार मोलाची.

दुसरा प्रश्न गुणांचा. आणि येथें मला मदत झाली ती माझ्या पुतण्याची. तो अभियंता आहे, व सुटीच्या दिवशीं त्याचे स्नेही कागद आणि फासे घेऊन माडीवर बसतात. हें द्यूत नव्हे. १९७४ सालींच गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा एक खेळ छापला. त्यांत प्रत्येक गडी एकेक पात्र घेतो, आणि एक जण कथा चालवितो. पात्राचे सहा गुण फाशांनीं ठरतात. मूळ नियमाप्रमाणें प्रत्येक गुणासाठीं तीन फासे टाकावयाचे. म्हणजे कमींत कमी ३, जास्तींत जास्त १८. तीन फाशांचीं एकंदर दानें २१६. त्यांत १८ एकदांच येतें, पण १० आणि ११ हीं प्रत्येकीं २७ वेळां. तेव्हां बहुतेक गोष्टींत मध्यम, एखाद्या गोष्टींत तरबेज आणि एखाद्या गोष्टींत अगदीं उणा, असें पात्र जन्मास येतें. आमच्या कीर्तनांतील सर्वगुणसंपन्न राजपुत्रापेक्षां हा प्राणी मला अधिक ओळखीचा वाटला.

त्यांतील राक्षस व तलवारी मीं बऱ्याचशा वगळल्या आणि युक्ति तेवढी उचलली. बल, चापल्य, चिकाटी, बुद्धि, शहाणपण आणि वाणी, असे आमचे सहा गुण. कागदास मुलें कुंडली म्हणतात. थोरल्या नातीची धनुर्धारी राजकन्या पाण्याला भिते, मधल्या नातवाचा अस्वलराजा बलांत १७ व बुद्धींत ५ आहे, आणि त्याचा त्यास अभिमान आहे!

धाकटा सात वर्षांचा. त्याची जीभ अडखळते, विशेषतः ‘क’ आणि ‘प’ या अक्षरांवर. वर्गांत उत्तर येत असूनहि तो गप्प बसतो. त्यानें निवडलें खवल्या मांजर. हा प्राणी आमच्या कोंकणांत आहे. तोंडांत दांत नाहींत, मुंग्या आणि वाळवी खातो, आणि भय वाटलें कीं अंगाचा गोळा करून खवल्यांआड होतो. हाच कां निवडला, हें मीं विचारलें नाहीं.

वाणीचें दान पडलें ४. “पुन्हा टाक, आम्ही नाहीं मोजत,” असें त्याची ताई म्हणाली. त्यानें मान हालविली आणि चौकटींत स्वतःच्या हातानें आंकडा लिहिला.

त्या रात्रीं धाकटी सूनबाई स्वयंपाकघर आवरून माझ्या खोलीशीं आली. “नाना, गोष्टींत तरी त्याला नीट बोलूं द्या ना! दिवसभर तेंच सोसतो तो.” तिचा कंठ दाटला होता. मीं म्हटलें, “अग, मीं चाराचे चौदा केले, तर त्याला इतकेंच कळेल कीं, चारवाला आपल्या गोष्टींत चालत नाहीं.” तिला तें पटलें असें मी म्हणणार नाहीं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

नांवासाठीं मीं शल्कधर, वज्रपृष्ठ अशीं भारदस्त नांवें काढून ठेविलीं होतीं. पण आजीच्या रामरक्षेंतून ‘कवच’ हा शब्द त्याच्या कानीं बसलेला. त्यानें नांव ठेविलें कवच्या. म्हणजे नेमकें तेंच अक्षर! तें उच्चारावयास त्यास कधीं कधीं पाव मिनिट लागतें. तेवढ्या वेळांत कोणींहि शब्द पुरा करावयाचा नाहीं, एवढा एकच नियम मीं घातला. मधला नातू त्या वेळीं उशी चावीत बसतो, पण बोलत नाहीं.

दिवाळीच्या सुटींत कवच्या एका किल्ल्याच्या दाराशीं आला. पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो. आमच्या रीतीप्रमाणें तीन फाशांची बेरीज चार किंवा कमी आली तरच वाणी फळणार. २१६ पैकीं चारच दानें तशीं आहेत. पडले अकरा. सगळीं हिरमुसलीं. तो मात्र कुंडलीकडे बघत होता. “आजोबा, दार राहूं दे. त्याला नखं आहेत. चिकाटी पंधरा आहे.” आणि मग भिंतीखालून भुयार कसें खणावयाचें, माती कोठें टाकावयाची, पहारेकऱ्यास चाहूल लागूं नये म्हणून केव्हां थांबावयाचें, हें सर्व त्यानेंच सांगितलें. दहा मिनिटें तो बोलत होता. अडखळत होता, पण थांबला नाहीं. दाराआड त्याची आई उभी होती, हें त्यास ठाऊक नव्हतें.

वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. गोष्ट हें औषध नव्हे. वाक्‌चिकित्सेच्या तज्ज्ञ बाईंकडे त्याचें जाणें चालूच आहे, आणि शाळेंत तो अजून पुष्कळदां गप्पच असतो. भुयार मात्र चार रात्रींत पुरें झालें.

गेल्या रविवारीं त्यानें मला विचारलें, “आजोबा, खवले सगळीकडे असतात?” मीं सांगितलें कीं, पोटाकडे नसतात, तेथें अंग मऊच असतें. त्यानें थोडा विचार केला, कुंडलीचा कागद मागून घेतला आणि पाठीमागच्या बाजूस तें पेन्सिलीनें लिहून ठेविलें.