कागद आपला, कुलूपही आपले

मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला आम्ही कचेरीतल्या झेरॉक्स मशीनवर स्कॅन करून ई-मेलने पाठवला. तिने विचारले, "बाबा, वाटेत कोणी वाचला तर?" आम्ही निरुत्तर झालो. १९९० साली कायदा बदलला, तेव्हा कुठे बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्या दाखल्याचे मोल आम्ही जाणतो.

मशीन दुरुस्त करणाऱ्या मुलाला गाठले. तो म्हणाला, "काका, मशीनमध्ये टीएलएस चालू असेल तर मेल सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर मजकूर कुलूपबंद असतो. सर्व्हरवर पोचला की कुलूप उघडते. पुढच्या टप्प्याला दुसरे कुलूप, तेही पलीकडच्या सर्व्हरची सोय असेल तरच. पेटीत पडलेली मेल मात्र सर्व्हर सांभाळणाऱ्याला वाचता येऊ शकते. मशीनच्या डिस्कवरही प्रत राहू शकते."

"मग उपाय?"

"पीडीएफलाच एईएस २५६ बिटचे कुलूप लावा. पासवर्ड लांब ठेवा आणि तो त्याच मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा."

आता आम्ही तसेच करतो. जात लपवायची म्हणून नव्हे. बाबासाहेबांनी आम्हाला ताठ मानेने जगायला शिकवले आहे. पण आपला कागद कोणी वाचावा, हे आपणच ठरवायला हवे. वाचकहो, तुम्हीही ठरवा. जयभीम!