काटपाडीला उतरणारी माणसं

सोलापूर सुटलं की वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा करत गाडी तामिळनाडूत शिरते. वेल्लोरला जाणाऱ्यांचं स्टेशन काटपाडी. ही माणसं डब्यात लगेच ओळखू येतात. उशाशी एक्स-रेचं मोठं पाकीट, पिशवीत रिपोर्टांची फाइल आणि ती जागेवर आहे ना हे घडोघडी चाचपणारा हात. माझ्यासमोर पंढरपूरकडचे काका-काकू होते. काकूंच्या हृदयाची झडप बदलायची होती. मी भूलतज्ज्ञ आहे कळल्यावर त्या उठूनच बसल्या.

‘‘म्हंजे झोपवता तुम्ही. मग उठवतंय कोण?’’

‘‘आम्हीच, काकू. ऑपरेशन संपेपर्यंत भूल देणारा डॉक्टर उशाशीच असतो. नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं तोच बघतो.’’

काकांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. ‘‘पांडुरंगानंच गाठ घालून दिली बघा.’’

मी प्रभू येशूचं नाव घेणारी. तरी त्यांच्या बोलण्याला मी मनापासून हो म्हटलं.

मला खरं तर सर्जन व्हायचं होतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरात प्रार्थना केल्याशिवाय परीक्षेचा अर्जसुद्धा भरला जात नसे. त्या सगळ्या प्रार्थनांनंतर जागा मिळाली ती भूलशास्त्राची. देवानं माझं ऐकलंच नाही, असं वाटून मी खूप रडले. पुढे एका डोंगरी तालुक्यातल्या मिशन दवाखान्यात रुजू झाले. तिथे सर्जन होते, शस्त्रक्रियागृह होतं, पण भूल द्यायला कुणी नव्हतं. सिझेरियन करायची वेळ आली की अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून घाट उतरवायचे. काही वाटेतच जायच्या.

मी गेल्यावर आलेली अशी पहिली बाई मला स्वच्छ आठवते. कळा थांबल्या की तिला कुशीवर वळवून पाठीची कमान करायला सांगत होते. कंबरेच्या मणक्यांमधून सुई आत गेली, टोकाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला, औषध दिलं. थोड्याच वेळात ती म्हणाली, ‘‘बाई, पाय जड झाले.’’ मग बाळ रडलं. नाकारलेल्या जागेचं उत्तर मला त्या टेबलाशी मिळालं.

काटपाडीहून वेल्लोरला जाताना पालार नदीवरचा लांब पूल लागतो. खाली नुसती वाळू होती. शहरात खंदकानं वेढलेला दगडी किल्ला आहे, पण मला ओढ होती डॉ. आयडा स्कडर यांच्या कामाची. मिशनरी घराण्यात जन्मूनही या मुलीला मिशनचं काम करायचं नव्हतं. आजारी आईजवळ राहायला ती तिंडिवनमला आली होती. तिथे एका रात्री एकामागून एक तीन पुरुष आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाचे उपचार त्या नवऱ्यांना चालणार नव्हते आणि आयडा काही डॉक्टर नव्हती. तिन्ही बायका गेल्या. आयडानं त्यात देवाचं पाचारण ऐकलं. 1899 साली ती कॉर्नेलमधून डॉक्टर झाली, पुढच्या वर्षी वेल्लोरला आली आणि 1918 मध्ये तिनं इथे मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. आजचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज त्यातूनच उभं राहिलं. तिंडिवनमच्या त्या रात्रीची गोष्ट मी लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकली होती. पण मी भूल दिलेलं पहिलं सिझेरियन पार पडल्यावर ती मला खरी कळली.

याच कॉलेजच्या बागायममधल्या पुनर्वसन केंद्रात झारखंडचा एक तरुण भेटला. झाडावरून पडून कंबरेखालचं अंग गेलेलं. चाकाच्या खुर्चीतून पलंगावर जाण्यासाठी तो मध्ये गुळगुळीत फळी टाकत होता आणि दोन्ही हातांवर भार घेऊन सरकत होता. दंडाच्या शिरा तटतटलेल्या. या केंद्रामागे डॉ. मेरी वर्गीस यांची धडपड आहे. 1954 च्या मोटार अपघातात या तरुण डॉक्टरचेही पाय असेच गेले. तिथले सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांना सुचवलं, की बसून करता येतील अशा शस्त्रक्रिया शिका. मग खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात सरळ केले. त्यानंतर न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचं शास्त्र शिकून आल्या.

तो अपघात देवानं घडवला, असं मी कधीच म्हणणार नाही. ते क्रूर बोलणं होईल. पण पाय गेल्यावरही हातांना काम आहे हे त्यांना दिसलं, त्यात देवाचा हात होता असं मी मानते. तसा तो माझ्याही पाठीशी होता. बागायमच्या त्या व्हरांड्यात मी त्याचे आभार मानले, सर्जरीची जागा न दिल्याबद्दलसुद्धा.