नातवंडांच्या सहवासातील तीन दिवस

घरात नातवंडे आली म्हणजे वृद्धांच्या दिनक्रमास रजा मिळते. गेल्या दिवाळीत माझी तिन्ही नातवंडे पुण्याहून तीन दिवसांकरिता नगरास आली. पहिल्या दिवशी अंगणात मातीचा किल्ला उभारला. डोंगरावाचून किल्ला कसला, असा मुलांचा आग्रह!

दुसऱ्या दिवशी त्यांस नगरचा भुईकोट दाखविला. सपाट भूमीवरील तो भक्कम तट व भोवतालचा रुंद खंदक पाहून ती थक्क झाली. १५९६ साली मोगलांनी सुरुंगाने पाडलेले खिंडार चांदबिबीने रातोरात बुजविले. १९४४ साली येथेच बंदिवासात पंडित नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला, हे मी सांगितले.

धाकटी म्हणाली, “आजोबा, तुम्ही नसता तर आम्हांला हे कोणी सांगितले असते?” सत्तरी उलटलेल्या माझ्या मनाला तो प्रश्न चटका लावून गेला.

तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मुलांनी आपल्या किल्ल्याभोवती खंदक खणला. ते पाहून सर्व शीण नाहीसा झाला.

विद्यार्थिमित्रहो, वडीलधाऱ्यांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. अवधी मात्र थोडा असतो. सुटीत त्यांच्याजवळ बसा व विचारा. आणि पालकहो, मुलांस तेवढी उसंत द्या.